पोच द्या

मी एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. ऑफिस कुठलं ते सोडा, सरकारी होतं एवढं पुरे. समोरच्याने अर्ज सरकवायचा, मी शिक्का मारायचा, रजिस्टरात नोंद करायची, नंबर टाकायचा आणि वर न बघता म्हणायचं, "सोमवारी या." कुठला सोमवार ते त्याने विचारायचं नाही आणि मी सांगायचं नाही, अशी पद्धत. तर असा हा माणूस मे अखेर ५८ पूर्ण होऊन रिटायर झाला आणि जूनमध्ये त्याने, म्हणजे मीच, एका कास्टिंगवाल्यांना ॲक्टिंगच्या कामासाठी अर्ज पाठवला. जाहिरात नव्हती, कुणी बोलावलं नव्हतं, कुणाला गरज आहे असंही ऐकिवात नव्हतं. आपला आपणहून.

खरं कारण सांगायचं तर टीव्ही. रिटायर झाल्यावर संध्याकाळी हिच्याबरोबर सिरीयल बघायला लागलो आणि लक्षात आलं की त्यातले बाबा अख्खा एपिसोड कोपऱ्यात हात मागे बांधून उभे असतात, मधेच "अगं पण..." एवढं म्हणतात, तेवढ्यात कुणीतरी त्यांना तोडतं आणि ते परत गप्प. मी म्हटलं हे तर मला येतं, ३१ वर्षं ऑफिसात आणि त्याच्या पुढचे तास घरी, हाच रोल केलाय. शिवाय १९९८ साली ऑफिसच्या सत्यनारायणाला आम्ही एकांकिका बसवली होती, त्यात मी हवालदार होतो आणि आमचे तेव्हाचे साहेब म्हणाले होते की आवाज चांगला आहे. अमरीश पुरी वीसेक वर्षं कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरीला होते हेही मी हिला सांगून बघितलं. ती म्हणाली, ते नोकरी सांभाळून नाटकं करायचे, तुम्ही नोकरी सांभाळून काय करायचात ते मला माहितीय.

असो.

भाचा म्हणाला, "मामा, बायोडाटा नाही चालत, प्रोफाइल लागते." प्रोफाइल म्हणजे आठ-दहा फोटो (कुर्त्यात एक, शर्टात एक, सुटात एक, सूट लग्नातला, बटण लागेना म्हणून हात पोटावर ठेवून काढला), उंची, वय, भाषा, आणि एक इंट्रो व्हिडिओ. व्हिडिओत नाव सांगायचं, मग डावीकडे वळायचं, मग उजवीकडे वळायचं, थोडं हसायचं. मागे प्लेन भिंत पाहिजे. आता भांडुपच्या वन रूम किचनमध्ये प्लेन भिंत कुठून आणायची? एका भिंतीवर शोकेस, एकीवर देव, एकीवर कालनिर्णय आणि चौथीत खिडकी. शेवटी कपाटाला बेडशीट लावली, ही एक टोक धरून उभी, भाचा मोबाईल धरून. चौदा टेक झाले. नवव्यात कुकरची शिट्टी आली, अकराव्यात उजवीकडे वळ म्हटल्यावर मी डावीकडे वळलो, तेराव्यात बेडशीटमागून ही म्हणाली "हात दुखला हो माझा", आणि भाच्याच्या मते तोच टेक सगळ्यात नॅचरल होता.

पाठवलं. मेलवर पण आणि व्हॉट्सॲपवर पण.

आणि मग काही नाही. एकदम शांतता. आता सरकारात कसं, सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त फाइल एका टेबलावर पडू द्यायची नाही असा कायदाच आहे, २००५ चा, आम्ही त्याला दफ्तर दिरंगाई म्हणतो. नोकरीत असताना तो कायदा मला कधी नीट आठवला नाही, पण अर्जदार झाल्याबरोबर कलमासकट पाठ व्हायला लागला. मी बोटावर सात दिवस मोजले. व्हॉट्सॲपला दोन टिक होत्या, म्हणजे आवक झालेली. चौथ्या दिवशी त्या निळ्या झाल्या, म्हणजे साहेबांच्या टेबलावर गेली. पुढे शेरा नाही, स्वाक्षरी नाही, काही नाही. आणि साहेब रोज स्टेटसला दाल खिचडी, वर्सोव्याचा सूर्यास्त, मांजर असं काय काय टाकतायत. मी ते रोज बघायचो, मग भाच्याने सांगितलं की कुणी स्टेटस बघितलं ते त्यांना दिसतं. म्हणजे गेले पाच दिवस सकाळी सात वाजता त्यांच्या मांजरीकडे बघणारा पहिला माणूस मी होतो हे त्यांना ठाऊक होतं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की दोन दिवस मी नेटच बंद ठेवलं.

आठव्या दिवशी स्मरणपत्र क्रमांक एक. माझा मसुदा असा: "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, संदर्भाधीन अर्जावर अद्याप कोणतीही कार्यवाही झाल्याचे दिसून येत नाही." भाचा म्हणाला, "मामा, अरे जप्तीची नोटीस वाटतेय ही." त्याने इंग्रजीत करून दिलं, त्यात पहिलंच वाक्य आपण मजेत असाल अशी आशा. म्हटलं अरे तो माणूस मी बघितलेला नाही, मांजर बघितलंय फक्त. अर्धा तास घासाघीस करून जे उरलं ते एवढंच, "नमस्कार सर, सहज विचारतोय, माझी प्रोफाइल बघितली का?" पुढे हात जोडलेला इमोजी. मी तीन टाकले होते, भाच्याने दोन काढले, तीन म्हणजे फार गरजू वाटतं म्हणे.

सहज विचारतोय. हे टाईप करताना एकदम एक गृहस्थ आठवले. माझ्या टेबलाला दर सोमवारी यायचे, काखेत काळी छत्री, मे महिन्यात पण, आणि समोर येऊन म्हणायचे, "सहज आलो होतो, इकडे काम होतं." कसलं इकडे काम, आमच्या ऑफिसच्या आसपास एक पंक्चरवाला आणि बंद पडलेलं शौचालय याशिवाय काही नव्हतं. त्यांच्या कुठल्याशा दाखल्यात आडनावाचा एक काना चुकलेला. दीड वर्षं ते सहज येत होते. पुढे काना लागला की नाही ते आठवत नाही.

तर सहज विचारण्याला उत्तर आलं नाही. स्मरणपत्र दोन, नाही. सरकारात स्मरणपत्रांनी भागलं नाही की अर्धशासकीय पत्र लिहितात, नावाने, जरा गोडीत. तेही लिहिलं, "सर, आपल्या मांजरीची तब्येत कशी आहे?" असं. हे मात्र भाच्याला न विचारता पाठवलं आणि पाठवल्यावर डिलीट करायला गेलो तर निळ्या टिक.

मग एकच मार्ग राहिला, समक्ष जाणे. जुलैतला मंगळवार होता. भांडुपहून स्लो, घाटकोपरला मेट्रो, पहिल्या स्टेशनापासून शेवटच्यापर्यंत, बारा स्टेशनं, ४० रुपये. आणि वर्सोवा स्टेशनला उतरलं म्हणजे वर्सोव्याला आलो असं नसतं हे उतरल्यावर कळतं, तिथून पुढे परत रिक्षा. आरामनगरला पोचलो, कास्टिंगवाल्यांची बरीच ऑफिसं तिथेच. बैठी घरं, मधून गल्ल्या, झाडं, आणि प्रत्येक दाराबाहेर तरुण पोरं-पोरी, सगळी देखणी, सगळी भिंतीशी बोलतायत. पाठांतर चाललेलं. एकाने मला विचारलं, "अंकल, अंदर ब्रीफ क्या है?" मला वाटलं थीफ म्हणाला, तो विचारत होता आत कसला रोल आहे. एका दारात पोरांची रांग होती, आतला माणूस दार किलकिलं करून एकेकाचं तोंड बघत होता आणि "नॉट फिट, नॉट फिट, तू आ, नॉट फिट". एका सेकंदात एक प्रकरण निकाली! मी छत्री मिटून बघतच राहिलो. आमच्याकडे "नाही" म्हणायला फाइल तीन टेबलं फिरायची, वर टिप्पणी लिहावी लागायची.

आमच्या कास्टिंगवाल्यांचं (नाव सांगत नाही, अजून आशा आहे) ऑफिस दोन गल्ल्या सोडून. आत एक पंचविशीतला पोरगा, लॅपटॉप, आणि टेबलावर तेच मांजर. मी एकदम ओळखीचं हसलो, मांजरीकडे बघून. पोरगा म्हणाला, सर शूटवर आहेत. मी पिशवीतून प्लास्टिक काढलं, प्लास्टिकमधून फाइल काढली, लाल टॅग लावलेली, आणि अर्जाच्या दोन प्रती पुढे ठेवल्या.

"काका, दोन कशाला?"

"एक तुम्हाला. दुसरीवर पोच द्या."

त्याने माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि एकदम चेहरा खुलला त्याचा. "तलाठ्याकडे देतात तसं? आमच्या घरी एक पडलीय, बापाची, सातबाऱ्याची. अजून जपून ठेवलीय त्यांनी." परभणीकडचा निघाला. मग त्याने पेन शोधलं, ऑफिसात पेन नव्हतं, माझंच दिलं. दुसऱ्या प्रतीच्या कोपऱ्यात त्याने "मिळाले" लिहिलं आणि सही केली. मी म्हटलं तारीख. तारीख टाकली. म्हटलं आवक क्रमांक. तो म्हणाला काका, आजपर्यंत कुणी मागितलाच नाही. "मग एक टाका," मी म्हटलं. त्याने एक टाकला. ३१ वर्षांत मी लाखभर तरी नंबर टाकले असतील, पण आवक क्रमांक १ माझ्या स्वतःच्या अर्जावर कधी पडला नव्हता.

मग त्याने प्रोफाइल चाळली, प्रामाणिक पोरगा, स्पष्ट बोलला. "काका, फादर सध्या ४० ते ४५ चाललाय. तुम्ही आजोबात जाता."

"आजोबा चालतील."

"आणि लुक मिडल क्लास आहे तुमचा, आत्ता सगळे रिच मागतायत."

"सुटातला फोटो आहे."

"तो बघूनच म्हणतोय." मग जरा विचार करून, "आजोबा एक आहेत, पण ते वारलेले आहेत. भिंतीवर फोटो, हार घातलेला."

मी विचारलं, फोटोचे पैसे मिळतात का. तो म्हणाला मिळतात थोडे, पण नव्वद दिवसांनी. म्हटलं हरकत नाही, आमची प्रवासभत्त्याची बिलं याहून उशिरा यायची.

निघताना तो म्हणाला, "काका, असं करा, मंडेला पिंग करा." कुठला मंडे ते मी विचारलं नाही.

पुढचे दोन मंडे मी पिंग केलं, "संदर्भ: आवक क्रमांक १" असं वर लिहून. तिसऱ्या मंगळवारी दुपारी, मी जेवून पडलो होतो, व्हॉट्सॲप वाजलं. साहेबांचं स्वतःचं. "हाय सर. आजोबा फोटो चालेल का? प्लेन बॅकग्राउंड. स्मायलिंग नको. फॅमिलीला ऑब्जेक्शन नाही ना, आधी कन्फर्म करा, लास्ट टाइम इश्यू झाला."

म्हणजे घरचं ना हरकत प्रमाणपत्र हवं. मी किचनमध्ये गेलो. ही खाली बसून मेथी निवडत होती. मी सगळं नीट समजावलं, की नुसता फोटो आहे, हार पण प्लॅस्टिकचाच असतो, रोज टीव्हीवर दिसणार, शिवाय डायलॉग पाठ करायचे नाहीत. सगळं ऐकून घेतलं तिने. मेथीची एक काडी उलटसुलट करून बघितली, पानं तोडली, काडी कागदावर टाकली.

"बघू," ती म्हणाली, वर न बघता. "सोमवारी सांगते."