कागदी कपातला चहा

रविवारी कट्ट्यावर चहा कागदी कपांतून आला आणि वादाला तोंड फुटले. "प्लास्टिकपेक्षा हे कप बरे," असे दादा म्हणताच रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या नानांनी आपला रिकामा, भिजून मऊ झालेला कप नखाने सोलला आणि आतून निघालेला पारदर्शक पापुद्रा आमच्यासमोर धरला. कागद भिजू नये म्हणून दिलेले हे अस्तर बहुधा पॉलिथिलीन या प्लास्टिकचे असते. १०० मिलिलिटर गरम द्रव अशा कपात १५ मिनिटे राहिला, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात, असे खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना आढळले होते.

दादांचा आक्षेप होता की हे कण हवेत, पाण्यात, मिठातही असताना एक कप टाळून काय साधणार, आणि त्यांनी रोग होतो हे सिद्ध तरी कुठे झाले आहे? प्रश्न रास्त होता. २०२४ साली इटलीतील डॉक्टरांना मानेच्या रोहिणीतून काढलेल्या चरबीच्या थरांत प्लास्टिकचे कण सापडले आणि ते ज्यांच्यात सापडले, त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका साडेचार पट दिसला. तरीही कारण प्लास्टिकच, असे त्यावरून ठरत नाही, हे नानांनीच सांगितले. मला मात्र वाटते की पुराव्याची वाट पाहत उकळता सांबार पिशवीतून घरी आणत राहण्यात शहाणपण नाही. उष्णतेने प्लास्टिकमधून कण अधिक सुटतात, म्हणून गरम अन्न आणि प्लास्टिक यांची गाठ पडू न देणे हेच पहिले काम आहे, आणि त्यासाठी घरातला स्टीलचा डबा पुरतो.

वहिनींनी पाण्याचा विषय काढला. त्यांच्याकडे बोअरचे जड पाणी येते आणि ते उकळले की पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. चीनमधील एका प्रयोगात अशाच क्षारांनी कण स्वतःत अडकवले आणि जड पाणी उकळून गाळल्यावर ९० टक्क्यांपर्यंत कण कमी झाले. कमी क्षारांच्या, मऊ पाण्यात हा परिणाम बराच कमी होता. कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांतून झडणारे प्लास्टिकचेच तंतू घरातल्या धुळीत मिसळतात, म्हणून रांगते मूल असलेल्या घरात फरशी रोज ओल्या फडक्याने पुसावी, असेही त्या म्हणाल्या.

टपरीवाल्याची अडचण वेगळीच निघाली: पेले धुवायला पाणी आणि माणूस आणायचा कुठून? तेव्हा आम्ही सहा जणांनी स्टीलचे सहा पेले त्याच्याकडे ठेवायचे आणि ते आपले आपणच विसळायचे ठरवले. दादांचे मत बदललेले नाही, पण सहावा पेला त्यांचाच आहे.