काटा वाढवला म्हणून मोटर वाचत नाही

“मोटर सारखी बंद पडते? दोष मोटरचा नसतो, रिले नाजूक असतो. काटा वाढवा. तरी पडली तर रिले काढून डायरेक्ट करा. व्हॉल्व्ह पूर्ण सोडा, लोड उतरेल. व्होल्टेज कमी म्हणजे करंटही कमी, घाबरू नका.”

हा मेसेज ऊसवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. रिले म्हणजे करंट ठरल्यापेक्षा जादा झाला की पंपाची मोटर बंद करणारा स्टार्टरमधला भाग, आणि काटा म्हणजे किती अँपिअरला तोडायचं ते ठरवणारी त्याची खूण. पलूसला आमचं रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरची आतली तार नव्यानं गुंडाळायचं दुकान आहे. अशा मेसेजनं धंदा वाढतो, तरी लिहितो.

व्होल्टेजचं म्हणणं बल्बला लागू. मोटरला पाणी तेवढंच उपसायचं असतं, त्यामुळं 415 व्होल्टऐवजी 340 मिळाले की ती करंट जादा ओढते.

आता काटा. दहा एचपीच्या मोटरच्या प्लेटवर 15 अँपिअर लिहिलेत म्हणून लोक रिलेही 15 वर लावतात. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी कमी, मग पूर्ण व्होल्टेजवर नेणारा) रिले वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरच्या आतल्या कॉइलींच्या वाटेवर असतो, तिथून लाइनच्या 58 टक्केच करंट जातो. काटा पावणेनऊच्या आसपास हवा. 15 वरचा रिले असून नसल्यासारखा.

डायरेक्टवाल्यांची गत परवाच बघितली. कृष्णाकाठची मोटर उघडली, तर एका फेजच्या कॉइली कोळसा आणि बाकी दोन फेजच्या तांबूस, नव्यासारख्या. मालक म्हणाले, “मिस्त्री, लोड जास्त झाला वाटतं.” लोडनं जळाली तर सगळं वाइंडिंग काळं पडतं, आण्णा. इथं डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतला) एक फ्यूज उडाला होता. एक फेज गेला की उरलेल्या दोन तारांत करंट पावणेदोनपटीच्या घरात जातो, डेल्टात त्याचा मोठा वाटा एकाच फेजच्या कॉइलींवर पडतो, आणि तो तोडणारा रिले तर घरी कपाटात!

व्हॉल्व्हचं तर उलटंच. आपल्या सेंट्रिफ्यूगल पंपानं पाणी जास्त फेकलं की लोड वाढतो. नदी चढली की हेड (पाणी उचलायची उंची) घटतं आणि उन्हाळाभर नीट चाललेली मोटर ट्रिप मारायला लागते. व्हॉल्व्ह थोडा दाबून अँपिअर बघा.

जत भागातल्या बोअरला पाणी तुटलं की अँपिअर उतरतो, म्हणून ड्राय-रनचं पॅनेल (पाण्याशिवाय मोटर चालू नये म्हणून बसवलेलं) मोटर बंद करतं. तिथं रिलेचा काटा फिरवून काय होणार?

रिले कधीच बिघडत नाही असं नाही. तिन्ही तारांना क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) लावा. अँपिअर प्लेटच्या आत आणि तिन्हींत सारखा असूनही पडत असेल, तर रिलेवर संशय घ्या. त्याआधी त्याचे स्क्रू बघा. ढिल्या जोडाची उष्णता रिलेतली तापून वाकणारी पट्टी वाकवते आणि मोटर उगाच पडते. एक गिऱ्हाईक नवा रिले घेऊनच आलं होतं. जुन्याच्या स्क्रूला दीड आटा दिला, मोटर चालू. नवा अजून त्यांच्या पेटीत पडून आहे.