दोन तास वाचले, पण...

घर बदलून चार महिने झाले. भेटेल तो पहिल्यांदा हेच म्हणतो, "सुटलात बाई एकदाच्या त्या प्रवासातून!" मीही हो म्हणते, कारण ते खरंच आहे. जाताना एक तास, येताना सव्वा, ट्रॅफिक असेल तर दीड. सात वर्षं हेच. आता मी चालत बारा मिनिटांत ऑफिसला पोचते. नवऱ्याचं ऑफिसही तिथून हाकेच्या अंतरावर, फक्त त्याची वेळ वेगळी. त्यामुळे आता आम्ही एकत्र निघत नाही.

आणि मला तो प्रवास रोज आठवतो.

सकाळी गाडी तो चालवायचा, संध्याकाळी मी. दोघांचीही नजर रस्त्यावर. समोरासमोर बसून विचारलं असतं तर उलटतपासणी वाटली असती, असं कितीतरी गाडीत सहज विचारता यायचं. "कसा गेला दिवस?" याला घरी "ठीक" म्हटलं की विषय संपतो. गाडीत ते "ठीक" फार टिकायचं नाही, अजून पन्नास मिनिटं जायची असायची.

एकदा तो तीन-चार दिवस गप्प गप्प होता. घरी विचारून काही हाती लागलं नव्हतं. त्या संध्याकाळी पाऊस होता, गाड्या जागच्या हलत नव्हत्या. वायपरकडे बघत तो म्हणाला, "मला तिथे आता जावंसंच वाटत नाही गं." मी काहीच बोलले नाही. गिअरवरच्या माझ्या हातावर त्याने हात ठेवला. पुढची गाडी हलली, तसा त्याच्या हातासकट मी पहिला गिअर टाकला. पुढचा तासभर तो बोलत होता. घरात हे झालं असतं असं मला आजही वाटत नाही. घरात कुकरची शिट्टी झाली असती, कुणाचा तरी फोन आला असता.

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 मध्ये मांडलं होतं की वाहनं कितीही वेगवान झाली तरी माणसाचा रोजचा प्रवास सरासरी तासाभराच्या आसपासच राहतो. मला त्याहून जवळचा वाटला तो वाहतूक-अभ्यासक पॅट्रिशिया मोख्तारियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2001 चा अभ्यास. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या नोकरदारांना त्यांनी विचारलं, कामावर जायला किती वेळ लागलेला तुम्हाला आवडेल? सरासरी उत्तर आलं सुमारे 16 मिनिटं. प्रवास नकोच म्हणणारे अगदी थोडे निघाले. म्हणजे घर आणि काम यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा माणसाला हवी असते. आम्हाला ती दोघांत मिळून मिळाली होती.

रोज दोन-दोन तास गर्दीत उभ्याने, एकट्याने जाणाऱ्यांचे हाल मला ठाऊक आहेत. लग्नाआधी मीही तशीच जायचे. प्रवास लांब असावा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण घर बदलायचं ठरलं तेव्हा आम्ही भाडं, पेट्रोल, वेळ, झोप, सगळं कागदावर मांडलं होतं. रोज एकमेकांच्या वाट्याला येणारे हे दोन तास कुठल्याच रकान्यात नव्हते. ते वाचले खरे, पण कपड्यांच्या घड्या, बिलं आणि दोघांच्या हातातले दोन फोन यांत कधी वाटले गेले, कळलंही नाही.

गेल्या रविवारी तो किल्ली घेऊन निघाला. गाडी बरेच दिवस उभी होती, बॅटरी उतरू नये म्हणून जरा फिरवून आणतो म्हणाला. मी म्हटलं, "थांब, मी पण येते." पहिली दहा मिनिटं कुणीच बोललं नाही. मग सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "अगं, तुला एक सांगायचंच राहिलंय..." घराकडे जायला तिथून उजवीकडे वळायचं होतं. मी म्हटलं, "सरळ घे. लांबून जाऊ."