त्या बाईचा फोटो आधी ग्रुपवरून काढा

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. डोक्यावर सुपं-चाळण्या, कडेवर पोर, आमच्याच गेटसमोर उभी असलेली एक बाई. खाली मजकूर: "मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात फिरतेय. पुढे पाठवा." त्यावर धडाधड अंगठे. हे कुणी सांगितलं, एवढंही कुणी विचारलं नाही. अहो, त्याच बाईकडून माझ्या सासूबाईंनी दिवाळीआधी सूप घेतलंय!

राईनपाडा विसरलात? १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी. असेच मेसेज तिकडे आधीपासून फिरत होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून लोकांनी त्यांना ठेचून मारलं. आपण आपली पोरं वाचवतोय, असंच त्या जमावाला वाटत होतं.

गेल्या पावसाळ्यात आई बाथरूममध्ये पडली. एकटी राहते, फोन बाहेरच्या खोलीत. तिच्या जुन्या बिल्डिंगला ना वॉचमन, ना कॅमेरा. दुधाची पिशवी अजून दाराला लटकतेय, हे जिना झाडणाऱ्या मावशींच्या लक्षात आलं. त्यांनी शेजारच्या काकूंना हाक मारली. किल्ली काकूंकडे असतेच. मी पोचेपर्यंत दोघींनी आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलंही होतं.

आणि आमच्याकडे? कामवाल्या मावशी घरी जाताना गेटवर त्यांची पिशवी उघडून बघतात. रोज. ज्यांच्या हातात आपण तान्ही पोरं देतो, त्यांची! उद्या माझ्या दाराला दुधाची पिशवी लटकत राहिली, तर त्यांनी का थांबावं?

हो, मागे बी विंगमध्ये चोरी झाली तेव्हा चोर कॅमेऱ्यामुळेच सापडला. मान्य.

पण भिवंडी आठवा. १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीत होरपळलेलं गाव. पुढे डीसीपी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्हीकडची साधी माणसं आणि त्या भागातले पोलीस नेमाने एकत्र बसायचे, गल्लीतली बारीकसारीक भांडणंही तिथेच मिटवायचे. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. अफवा काय, तिथेही आल्याच असतील. पण "हे खरंय का हो?" असं विचारायला पलीकडे ओळखीचं माणूस होतं. आईच्या मजल्यावर काकू आहेत, तसंच.

ज्यांनी मेसेज पुढे पाठवला, त्यांच्यावर आता तेवढा राग नाही. त्यातल्या बऱ्याच जणींची पोरं लहान आहेत, माझंही आहे. जीव घाबरतो, कळतं मला. पण त्या बाईच्या कडेवरही पोरच होतं ना? हा फोटो पुढच्या नाक्यावर कुणाच्या मोबाइलमध्ये पोचला आणि ती तिथे उभी असली, तर?

ॲडमिनना मेसेज केलाय, फोटो काढा आणि ही अफवा आहे असं ग्रुपवर स्पष्ट लिहा. पिशव्या तपासण्याचा विषय मी रविवारच्या मीटिंगमध्ये काढणार आहे. आमच्या सोसायटीतले जे कुणी हे वाचत असाल, त्यांनी इथे लाइक न देता मीटिंगला या.