तारीख खोटी, रंगही खोटे

आज सकाळी घरच्या ग्रुपवर भाचीने सहलीचे फोटो टाकले. मी स्वतः त्या सहलीत होते. डोंगरातलं ते तळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. इतकं निळं पाणी की आम्ही सगळे बोलायचे थांबलो होतो. आणि फोटोत? पाणी थेट चहाच्या रंगाचं. आभाळ पिवळट. चारी बाजूंनी पांढरी चौकट, खाली जाड पट्टी, कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख, आणि त्या तारखेत साल १९८७! भाचीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

सगळ्यांवर ॲपमधला, फोटो जुना दिसावा असा फिल्टर लावलेला. मी विचारलं, मूळ फोटो कुठे आहेत? तर म्हणते, "आत्या, ते डिलीट केले, फोनमध्ये जागा नव्हती. हे जास्त छान दिसतात ना, जुन्या पोलरॉईडसारखे?"

तेव्हापासून डोक्यात नुसती भणभण चालू आहे. म्हणून लिहितेय. लांबेल, ज्यांना वेळ आहे त्यांनीच वाचा.

माझ्याकडे एक खरा पोलरॉईड, म्हणजे काढल्याबरोबर कॅमेऱ्यातूनच हातात येणारा इन्स्टंट फोटो आहे. आई आणि मावशी, दोघी तरुण, एका पुलाच्या कठड्याला टेकून उभ्या. कडाक्याची थंडी होती. बरोबरच्या कुणाकडे तो कॅमेरा होता. त्याने बटण दाबलं, कॅमेऱ्यातून कागद बाहेर आला आणि दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. आधी काहीच नाही, मग हळूहळू डोकी, मग चेहरे. आई हे सांगायला लागली की तिचा आवाजच बदलायचा.

पण त्या फोटोबद्दल ती सगळ्यात जास्त वेळा काय म्हणायची माहितीये? "स्वेटर पोपटी होता गं." मावशीने स्वतः विणलेला पोपटी स्वेटर. फोटोत तो राखाडी-निळा दिसतो. या इन्स्टंट फोटोंची फिल्म थंडीला फार हळवी. गारठ्यात तिच्यातली रसायनं नीट काम करत नाहीत, फोटो फिका आणि निळसर येतो. उन्हाळ्यात तोच पिवळा-तांबूस होतो. थंडीत काढलेला फोटो लगेच कोटाच्या आत, अंगाच्या उबेला धरायचा असतो. त्या दिवशी हे कुणाला सुचलं नाही आणि स्वेटरचा रंग कायमचा गेला.

कुणाच्याही हातात तो फोटो गेला की आई पुढे होऊन सांगायची, स्वेटर पोपटी होता. मावशीही तेच सांगायची. तो रंग परत मिळावा म्हणून त्या बायकांनी काय दिलं नसतं! आणि इथे फोनने तळ्याचा अस्सल निळा रंग फुकट पकडून दिला होता, तो आपण हाताने पुसून टाकला.

हा जो 'लुक' म्हणून मिरवतात ना, त्यातल्या प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण होतं. खालची जाड पट्टी शोभेची नव्हती. तिच्यात डेव्हलप करणाऱ्या रसायनाची चपटी पुडी असायची. कागद बाहेर येताना कॅमेऱ्यातल्या रुळांखाली ती फुटायची आणि ते रसायन सगळ्या फोटोभर पसरायचं. १९७२ साली पोलरॉईडचा एसएक्स-७० कॅमेरा आला तेव्हापासून ती चौकट तशी आहे. नारिंगी तारीख यायची ती मुख्यतः रोलच्या छोट्या कॅमेऱ्यांवर. कडेची लालसर ज्वाळा दिसायची ती रोलच्या कॅमेऱ्याच्या पाठीला फट राहून उजेड आत शिरला की. ॲपवाल्यांनी तिन्ही गोष्टी एकाच फोटोवर थापल्यात. असा फोटो सहसा कुठल्याच एका कॅमेऱ्यातून निघत नसे. मग ही आठवण नेमकी कोणाची आहे?

पोलरॉईड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांना १९४३ मध्ये त्यांच्या लहान मुलीने सुट्टीत विचारलं होतं, फोटो लगेच का बघता येत नाही? त्या प्रश्नातून हा कॅमेरा जन्माला आला. लगेच बघायचं होतं, आत्ताचं आत्ता! जुनं दिसावं म्हणून कुणीही तो कॅमेरा विकत घेतला नव्हता. तो त्या काळचा सगळ्यात नवा फोटो होता, आणि त्या पुलावर उभ्या असलेल्या दोघींनाही तो नवाच वाटला होता.

हो, फोटो तिचे आहेत, तिने त्यांचं काय करावं हे ठरवणारी मी कोण. मान्य. खरी फिल्म महाग असते आणि पोलरॉईडच्या एका पाकिटात आठच फोटो निघतात, हेही मान्य. पण म्हणूनच तर त्या एका फोटोला किंमत होती! निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. आई आणि मावशीत भांडण झालं होतं, फोटो कोणी ठेवायचा. मावशी मोठी, म्हणून तिच्याकडे राहिला. पुढे आई आजारी पडली तेव्हा मावशी प्रवास करून आली आणि काही न बोलता तो फोटो तिने आईच्या उशाशी ठेवला. आई हसून म्हणाली, "पोपटी होता." सांगा, हे कुठल्या फिल्टरमध्ये बसवणार?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. भाचीला तिच्या आजीचा तो फोटो फार आवडतो. लहानपणी माझ्याकडे आली की आधी तोच मागायची. तिला तसंच काहीतरी स्वतःचं हवंय, एवढं मला कळतं. पोलरॉईड कंपनीने २००८ मध्ये फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं तेव्हा काही वेड्या माणसांनी नेदरलँड्समधला शेवटचा कारखाना वाचवला आणि फिल्म पुन्हा बनवायला घेतली. ती ओढ खोटी नाही. पण पोरी, तुझा काळसुद्धा काळच आहे गं! तुझ्या काळात पाणी निळं होतं आणि फोनला ते निळं दिसलं होतं. ते तुला कमी का वाटावं?

फिल्टर लावायचाच असेल तर प्रतीवर लावा. मूळ फाईल ठेवा. तिच्यात खरी तारीख असते, वेळ असते, बऱ्याचदा जागाही असते. जागा नसेल तर नको असलेले व्हिडिओ उडवा, पण मूळ फोटोला हात लावू नका.

आणि ज्यांच्या घरी खरे इन्स्टंट फोटो आहेत, त्यांनी ते उजेडातून आजच काढा. उन्हात ते आणखी फिके पडतात. चांगलं स्कॅन करून ठेवा. फोटोतली किंवा फोटोच्या वेळची माणसं हयात असतील तर त्यांच्याजवळ बसा, कुठल्या कपड्याचा, कुठल्या भिंतीचा रंग खरा कोणता होता ते विचारा आणि लिहून घ्या. आई आणि मावशी दोघीही आता नाहीत. पुलाचा कठडा कुठल्या रंगाचा होता, हे विचारायला मला कुणी उरलेलं नाही.