घर घेताय ना? मग कृपया काही विचारू नका

आयुष्याची पुंजी आणि पुढच्या वीस वर्षांचे हप्ते एका सदनिकेत घालण्याचे आपण ठरवलेच असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. या व्यवहारात आपले काम एकच, जिथे बोट ठेवले जाईल तिथे सही करणे. बाकीचा विचार आपल्या वतीने करायला दलाल, बिल्डरचा विक्री प्रतिनिधी आणि कर्ज मिळवून देणारा एजंट हजर असतात. व्यवहार झाला तरच या तिघांच्या खिशात काही पडणार असल्यामुळे ‘हे घर घेऊ नका’ असे अशुभ बोलणे आपल्या कानी पडण्याची भीती नाही.

स्वतःचा वकील नेमण्याचा आचरटपणा करू नका. करारनामा बिल्डरच्या वकिलांनी तयार केलेला असतो आणि तो आपल्याला समजावून सांगायलाही तेच बसतात. प्रश्न आणि उत्तर एकाच घरातून आले की मतभेदाला जागा राहत नाही.

कागदपत्रांची चिंता तर मुळीच नको, कारण बँकेने कर्ज मंजूर केले आहे. बँकेचा वकील घराच्या मालकीचे कागद तपासून शोध अहवाल करतो, मूल्यांकक येऊन भिंती मोजतो आणि दोघांचीही फी आपल्याच खात्यातून जाते. आपले कर्ज बुडाले तर बँकेचे पैसे वसूल होतील का, एवढेच त्यांनी पाहायचे असते. त्या अहवालाची प्रत मागितली, तर तो बँकेच्या अंतर्गत वापरासाठी असल्याचे ऐकायला मिळते. पैसे भरूनही न दिसणाऱ्या त्या अहवालावर श्रद्धा ठेवावी.

जाहिरातीतल्या क्यूआर कोडकडे नक्षी म्हणून पाहावे. ऑगस्ट 2023 पासून महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, तो सक्तीचा केला आहे, पण तो स्कॅन केला तर प्रकल्पावरचा बोजा, चालू असलेले खटले आणि पूर्णत्वाची नोंदवलेली तारीख असे मनःशांती बिघडवणारे तपशील समोर येण्याचा संभव आहे.

टोकनची पावती मागू नका, दलालाचे मन दुखावते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. घर विकणाऱ्याशी थेट बोलू नका. ‘थेट बोललात की भाव बिघडतो’ हे वाक्य प्रत्येक दलाल पहिल्याच भेटीत ऐकवतो, आणि ते अगदी खरे आहे, फक्त कोणाचा भाव बिघडतो ते तो सांगत नाही. नुकताच मी एका जुन्या सदनिकेचा व्यवहार केला. ‘बाई हट्टी आहेत, एक रुपया खाली येणार नाहीत, शिवाय दुसरी पार्टी टोकन हातात घेऊन उभी आहे,’ असे मला सांगण्यात आले होते. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर आमचा नंबर लागण्याची वाट पाहत त्या बाई आणि मी प्रथमच निवांत शेजारी बसलो, आणि दलाल फोनवर बोलायला बाहेर गेला. मला आणखी दोन घरे पसंत असून मी कोणत्याही क्षणी माघार घेईन, असे बाईंना सांगितलेले होते. दुसरी पार्टी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ‘समोरच्याकडून मी एक पैसाही घेत नाही, फक्त तुमच्याकडून दोन टक्के,’ हे वाक्य आम्हा दोघांनाही शब्दशः ऐकवले गेले होते. इथपर्यंतही मी हसून सोडून दिले असते. मग बाईंनी सहज विचारले, ‘ती सोसायटीच्या दुरुस्तीची नोटीस तुम्हाला मिळाली ना? मी त्यांच्याकडे मुद्दाम दिली होती.’ नोटीस दलालाच्याच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, मुद्रांक शुल्काच्या चलनाखाली घडी घालून ठेवलेली होती. संपूर्ण इमारतीची दुरुस्ती आणि प्रत्येक सभासदाकडून घसघशीत वर्गणी! विचारल्यावर साहेब म्हणाले, ‘अहो, ते किरकोळ आहे, तुम्हाला उगाच टेन्शन कशाला द्यायचे?’

किरकोळ? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 सालचा आहे. खरेदीदाराला साध्या चौकशीत कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे, असे त्याच्या 55 व्या कलमात लिहिलेले आहे. इथे विकणाऱ्या बाईंनी आपल्या परीने प्रामाणिकपणे कागद दिला, आणि दोघांकडून पैसे घेणाऱ्या मधल्या माणसाने तो दाबून ठेवला. भारतीय करार अधिनियम तर 1872 सालचा. त्याच्या 216 व्या कलमाखालचे उदाहरणच घराचे आहे. काम सोपवणाऱ्याने आपल्या एजंटाला एक घर विकत घ्यायला सांगितले, एजंट म्हणाला ते मिळत नाही, आणि स्वतःच विकत घेऊन बसला. अशा वेळी ते घर एजंटाने मोजलेल्या किमतीत आपल्याला देण्यास काम सोपवणारा त्याला भाग पाडू शकतो. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही हा प्राणी नीट माहीत होता! त्यानंतर 2016 साली गृहप्रकल्पांच्या नियमनाचा रेरा कायदा आला, एजंटाला नोंदणी सक्तीची झाली, आणि प्रकल्पाची सर्व माहिती व कागदपत्रे ग्राहकाला मिळवून देणे हे 10 व्या कलमाने त्याचे कर्तव्य ठरले. मात्र ही नोंदणी बिल्डर विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पांपुरती आहे. जुनी सदनिका हातोहात विकली जाते तिथे ही सक्ती नाही, त्यामुळे मोबाइल आणि चार किल्ल्यांचा जुडगा असलेला कोणीही दलाल होऊ शकतो.

दलाल सोसायटीच्या सचिवांचा मेहुणा निघाला, तर ते आपले भाग्य समजावे. सदनिका नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते त्या हस्तांतरण अधिमूल्याला 25,000 रुपयांची कमाल मर्यादा असली, तरी ‘ऐच्छिक देणगी’ किती द्यायची हे घरच्या माणसाकडूनच कळते.

दोन्हीकडून दलाली घेणे हा गुन्हा आहे, असे मी म्हणत नाही. घ्या, मेहनत असेल तर जरूर घ्या. पण ती लपवून घेता, दोघांनाही ‘मी तुमचाच माणूस’ म्हणता, आणि ज्याच्या खिशातून पैसे काढता त्याच्याच विरुद्ध कागद दडवता, याला साध्या मराठीत लबाडी म्हणतात. बँकांनाही हेच सांगायचे आहे. ज्या अहवालाची फी कर्जदार भरतो, तो त्याला न दाखवण्यात कोणती गुप्तता जपली जाते? पाहायला माणसे येण्याच्या आदल्या आठवड्यात ओल आलेल्या भिंतीला रंग मारून घेणाऱ्या मालकांनो, तुमचेही हात स्वच्छ नाहीत. आणि ‘विचारले तर बरे दिसत नाही’ म्हणून मूग गिळून बसणाऱ्या खरेदीदारांनो, या सगळ्यांचा धंदा तुमच्या त्या भिडेवरच चालतो. कोणाकडून किती दलाली घेणार, मालक किंवा समितीतील कोणाशी काय नाते आहे आणि घराबाबत काय माहीत आहे, एवढे टोकनपूर्वी एका कागदावर लिहून सही करायला पाच मिनिटे लागत नाहीत. ती पाच मिनिटे मी मागितली तेव्हा ‘आजवर असे कोणी मागितले नाही’ असे उत्तर मिळाले. कोणी मागितले नाही म्हणूनच तुमचे फावले आहे, तेव्हा हे उत्तर मला पुन्हा ऐकवू नका.