गवळाऊ जपायची, मग पगची जात का नको?

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात यंदाच्या कृषी प्रदर्शनात जनावरांच्या मांडवाशेजारी श्वान प्रदर्शनही भरवावे, असा प्रस्ताव आला आणि गावात दोन तट पडले. ‘पेपरवाली’, म्हणजे वंशावळीचे कागद असलेली, पिल्ले विकून चार पैसे मिळत असतील, तर कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या घराला तेवढाच हातभार, असे तरुण म्हणतात. ज्या गावात कुत्रा चावला की लशीसाठी तालुक्याला धावावे लागते, तिथे कुत्र्यांचे कौतुक कशाला, असे जुनी माणसे म्हणतात. पुतण्याने फोनवर मला विचारलेला प्रश्न मात्र या दोन्हींपेक्षा अवघड होता. ‘काका, आपली गवळाऊ गाय शुद्ध राहिली पाहिजे असं तुम्हीच सांगता, मग कुत्र्याची जात शुद्ध ठेवली तर बिघडलं काय?’

मी राहतो त्या इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये १९९१ पासून ‘क्रफ्ट्स’ हे जगप्रसिद्ध श्वान प्रदर्शन भरते, हल्ली मार्च महिन्यात. लंडनमध्ये ते १८९१ साली सुरू झाले, आणि कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ज्या केनेल क्लबकडे आज त्याची सूत्रे आहेत तो क्लब १८७३ चा आहे. लहान कुत्र्याला टेबलावर उभे करून पंच त्याचा जबडा, खांदे आणि पाठ हाताने चाचपतो, मग मालक त्याला दुडक्या चालीने रिंगणात फिरवतो, आणि त्या जातीच्या लेखी वर्णनाच्या जो सर्वांत जवळ जाईल तो पहिला येतो. या माणसांचे कुत्र्यांवरचे प्रेम खरे आहे, याबद्दल मला शंका नाही. माझा आक्षेप पद्धतीवर आहे. नोंदवही बंद, बाहेरचे रक्त आणायला मज्जाव, आणि बक्षीस मिळवलेल्या एकाच नराकडे सगळ्यांच्या माद्या. त्यामुळे काही पिढ्यांत सारी जात एकमेकांच्या जवळच्या नात्यातली होऊन बसते, आणि दोष असलेली जनुके आईकडून व बापाकडून अशी दोन्हीकडून पिल्लात उतरू लागतात.

त्यात वर्णनातच व्यंग लिहिलेले असेल, तर निरोगी जनावर जिंकणार तरी कसे? पग जातीच्या कुत्र्याचे तोंड चपटे हवे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली. कवटी आखूड झाली, पण आतला मऊ टाळू त्या प्रमाणात आखूड झाला नाही. तो श्वासाच्या वाटेत लोंबतो, नाकपुड्या चिरेएवढ्या उरतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि नेमकी तीच वाट इथे अडलेली असते. आर्वीत एका ओळखीच्या घरी मी मे महिन्यात असा पग पाहिला. कूलरसमोर ओल्या पोत्यावर तो पोट टेकून पडला होता, जीभ निळसर दिसत होती, आणि झोप लागली की हनुवटी उंबऱ्यावर टेकवत होता, कारण मान खाली गेली की श्वास कोंडत होता. घरच्यांना ती त्याची लाडकी सवय वाटत होती. पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या मुलखात असे जनावर मुद्दाम जन्माला घालणे मला क्रूरपणाचे वाटते, मग त्याचे पिल्लू कितीही दामाला जावो.

जिथून हा शौक आपल्याकडे आला, तिथे त्याच्यावर कडाक्याचा वाद झाला आहे. ब्रिटनमध्ये २००८ साली एका माहितीपटाने वंशशुद्ध कुत्र्यांचे आजार घराघरात दाखवले आणि पुढच्या वर्षी बीबीसीने क्रफ्ट्सचे प्रक्षेपण थांबवले. बाप-लेक किंवा सख्ख्या भावंडांच्या संबंधातून झालेली पिल्ले नोंदवणे केनेल क्लबने २००९ मध्ये बंद केले. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियर या कुत्र्याच्या जातीची तिथली पैदास बेकायदा ठरवली. म्हणून युरोप सुधारला असे मी म्हणणार नाही, कारण चपट्या तोंडाचे फ्रेंच बुलडॉग माझ्या रस्त्यावर रोज दिसतात. ठिपकेवाल्या डाल्मेशियन कुत्र्याची हकिकत मला सर्वांत बोलकी वाटते. या जातीच्या शुद्ध कुत्र्यांच्या लघवीत युरिक ॲसिड जास्त असते आणि त्यातून मुतखडे होतात. १९७३ मध्ये अमेरिकेत एका शास्त्रज्ञाने पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी एकदाच संकर केला आणि पुढे पुन्हा डाल्मेशियनशीच जोड लावत नेली. ठिपके तेच राहिले, दोष गेला. तरीही ‘रक्त बाटले’ म्हणून अमेरिकी केनेल क्लबने त्या वंशाला २०११ पर्यंत ताटकळत ठेवले.

पुतण्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर यातच आहे. गवळाऊची निवड वावराने केली. नंदगवळ्यांनी चालणारे, ऊन सोसणारे, निकृष्ट चाऱ्यावर तग धरणारे जनावर राखले. ज्याला हे जमले नाही त्याचा वंश वाढला नाही. जर्सी आणि होल्स्टीनच्या बेसुमार संकराने ही ताकदच हातची जाईल, म्हणून तिचा वंश जपायचा. पगच्या शुद्धतेत जपण्यासारखी अशी कोणती ताकद आहे? उद्या गवळाऊचे बक्षीसही नुसता पांढराशुभ्र रंग पाहून देऊ लागले आणि एकाच वळूचे रेत गावोगाव वाटू लागले, तर मी त्यालाही विरोध करीन. मुधोळ हाउंडसारख्या देशी जातींना आता सरकारी नोंदणी मिळाली आहे, आनंद आहे. पण देशी असल्याने नात्यातल्या पैदाशीचे दुष्परिणाम टळत नाहीत.

आणि रात्री जागलीला माणसासोबत वावरात जाणारे, रानडुकराची चाहूल लागताच भुंकून धुऱ्यावर धावणारे आमचे गावठी कुत्रे या चर्चेत कुठेच नाही, याचे मला वाईट वाटते. त्याला पेपर नकोत. रेबीजची लस आणि नसबंदी हवी, आणि चाव्याची भीती बाळगणाऱ्या जुन्या माणसांची मागणीही तीच असायला हवी.

प्रदर्शन भरवू नका, असे माझे म्हणणे नाही. ते उन्हाळ्याआधी भरवा, पहिला मान जागलीच्या कुत्र्यांना द्या आणि लस तिथेच टोचा. पैदास करणाऱ्याने २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली आहे का, ते प्रवेशाआधी तपासा. उद्या पुतण्याने पैदास केली, तर त्यालाही यातून सूट नको. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांसाठी केंब्रिज विद्यापीठाने बसवलेली एक चाचणी केनेल क्लब २०१९ पासून वापरतो : कुत्र्याचा श्वास स्टेथोस्कोपने ऐकायचा, त्याला तीन मिनिटे दुडक्या चालीने पळवायचे, पुन्हा ऐकायचे आणि श्रेणी द्यायची. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून एक जाणकार डॉक्टर बोलावला तर हे आमच्या तालुक्याच्या मैदानावरही होईल, आणि जो कुत्रा त्यात घरघरेल त्याला रिंगणात घेऊ नये, मग त्याचे पेपर कुठलेही असोत.